अठरा हजार सहाशे छत्तीस फेरे

आमच्या भूगोलाच्या सरांचा किलोमीटरच्या दगडांवर विश्वास नव्हता. दगड हा मुकादमाच्या सोयीनं रोवलेला असतो, असं त्यांचं पक्कं मत. म्हणून त्यांच्या अठ्ठावीस इंची सायकलीच्या पुढच्या चाकाला एक लाल चिंधी बांधलेली असायची. चाकाचा एक फेरा म्हणजे दोन मीटर वीस सेंटिमीटर, तेही हवा नीट भरलेली असेल तर. चिंधी वरून फिरून खाली आली की एक फेरा झाला. नांदेडात ते कुठंही निघाले तरी सायकल हातात धरून, चाकाकडं बघत चालायचे. सायकलीवर बसलेलं मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं. कुणी घराचा पत्ता विचारला तर सांगायचे, बसस्टँडापासून आठशे नव्वद फेरे आणि डाव्या हाताला पिठाची गिरणी.

गंमत अशी की गिनती त्यांच्यानं कधीच झाली नाही. शंभराच्या पुढं गेले की रस्त्यात कुणीतरी ओळखीचं भेटायचं. मग हरभरा कसा आहे, मोठीचं जमलं का, गुडघा काय म्हणतो, असं सगळं विचारून होईपर्यंत आकडा हवेत गेलेला असायचा. त्यामुळं बरोबर एक गिनतीवाला लागायचा. सर खांद्याला शबनम पिशवी लावून विभागाच्या दारात उभे राहिले की मुलं मागच्या जिन्यानं पसार व्हायची. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्या कॉलेजला हे ठाऊक होतं, आणि सगळं कॉलेज त्यावर हसायचं. मीही हसले आहे.

वडील पैमाईशीत होते, म्हणजे जमीन मोजणीच्या खात्यात, म्हणून सरांच्या बोलण्यात ते शब्द मुरलेले. नकाशाला ते कायम नक्षा म्हणायचे. वर्गात खुर्चीवर बसायचे नाहीत, खिडकीच्या कट्ट्यावर बसायचे. डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा, आणि ज्याला नक्षा नीट काढता आला त्याला त्यातला चतकोर. त्यांची दोन वाक्यं आम्हाला झोपेतसुद्धा पाठ होती. एक, मोजलं न्हाई ते बोलू नये. दुसरं, मोजणाऱ्याचं नाव न्हाई ते माप म्हणजे चौकातली अफवा. प्रात्यक्षिकाच्या वहीत प्रत्येक पानाच्या तळाशी 'मोजणार' असा शब्द आणि पुढं नाव, गाव, सही लागायची. आकडा बरोबर आणि नाव नाही, तर शून्य. चुकीच्या आकड्याखाली नाव असलं तरी दहापैकी चार मिळायचे. मला हा न्याय उफराटा वाटायचा.

मी जळकोट तालुक्यातली. घरी कोरडवाहू शेती, आम्ही तिघी बहिणी, मी थोरली. एम.ए. भूगोल हे निमित्त होतं. खरं ध्यान पोलीस भरतीवर. रोज पहाटे पाचला कॉलेजच्या मैदानावर मी धावायची, दोन चकरा, म्हणजे आठशे मीटर, कारण मैदानाची चकर चारशेची असं फलकावर लिहिलेलं होतं. माझी वेळ इतकी चांगली येत होती की मी घरी फोन करून सांगितलं होतं, वर्दी शिवायला टाका.

एके दिवशी धावून ओणवी होऊन दम घेत होते तर सर सायकल धरून समोर. बरोबर एक झोपाळू पोरगा, तोंडानं आकडे पुटपुटणारा. सर म्हणाले, "दोन चकरा म्हणजे आठशे न्हाईत. चोवीस मीटर कमी हाय. तुझी वेळ खोटी हाय, पोरी." मला इतका राग आला की मी तशीच पाठ फिरवून निघाले. खोलीवर येऊन रडले. दुसऱ्या दिवशी सरांनी फक्कीनं, त्या पांढऱ्या चुन्याच्या पुडीनं, नवी रेघ मारून ठेवलेली. तिथून धावले तर माझी चांगली वेळ साधारण झाली. पुढचे तीन महिने मी ते चोवीस मीटर भरून काढण्यात घालवले. त्या माणसाचं माझ्यावरचं ऋण तिथून सुरू होतं, आणि मला ते आवडो न आवडो, ते खरं आहे.

गाझाचं प्रकरण त्याच वर्षीच्या हिवाळ्यातलं. सगळ्यांच्या मोबाईलवर रोज तेच दिसत होतं. पडलेली घरं, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लेकरं. परदेशातल्या विद्यापीठांत मुलं तंबू ठोकून बसली होती, दिल्ली-मुंबईकडंही काही ठिकाणी मुलं उभी राहिली होती. आमच्या वर्गात देगलूरचा एक मुलगा होता, बोलताना मध्येच तेलुगू घुसवणारा, भारी तळमळीचा. त्यानं अर्ज लिहिला की कॉलेजच्या आवारात कडुलिंबाखाली एक तास नुसतं शांत उभं राहू द्यावं. आम्ही एकोणीस जण तयार झालो.

प्राचार्यांनी अर्ज नाकारला. परदेशाचा विषय इथं नको म्हणाले. वर सूचना लागली की आवारात सभा, फलक, घोषणा चालणार नाहीत आणि भाग घेणाऱ्यांची नावं पोलीस ठाण्याला कळवली जातील. ही शेवटची ओळ माझ्यासाठीच लिहिल्यासारखी होती. भरतीत निवड झाली की चारित्र्य पडताळणी होते, आणि ठाण्याच्या कागदात नाव असलं की झालं मग. गावाकडं त्याची उदाहरणं होती. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी फोनवर सहज बोलले तर ते एवढंच म्हणाले, "लढाई तिकडची हाय, पोरी. तुझं नाव कुठं येऊ देऊ नको."

आम्ही चिडून सरांकडं गेलो. आम्हाला वाटलं सर प्राचार्यांशी भांडतील. त्यांनी कपाटातून जगाचे कोरे नक्षे काढले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिला. म्हणाले, गाझा दाखवा. एकोणीस जणांत सहा जणांना जमलं. एकानं इराणात ठेवली, दोघांनी इजिप्तच्या पोटात. मी तर समुद्रात बुडवली. सर हसले नाहीत, त्यामुळं जास्त लाज वाटली.

"जिची जागा माहीत न्हाई, तिच्यासाठी उभं राहून राहिले तुम्ही," ते म्हणाले.

देगलूरचा मुलगा तडकला. "सर, मरणाऱ्याची जागा माहीत असल्याबिगर वाईट वाटून घ्यायचं न्हाई का?"

सर खिडकीच्या कट्ट्यावरून उतरले. मग म्हणाले, तुझं बरोबर आहे, माझं चुकलं. पण वाईट वाटणं दोन दिवसांत उतरतं, पायांनी मोजलेलं उतरत नाही. त्यांनी फळ्यावर ती पट्टी काढली. लांबी एक्केचाळीस किलोमीटर. रुंदी कुठं सहा, कुठं बारा. आत वीस लाखांवर माणसं. एका बाजूला समुद्र, बाकी कुंपण. मग कुंपणापलीकडं चार-पाच ठिपके दिले आणि म्हणाले, ही गावंसुद्धा नक्ष्यात पाहिजेत, इथली माणसं घरात घुसून मारली आणि उचलून नेली. अर्धा नक्षा काढणाऱ्याला मी मार्क देत नाही. मग खडू ठेवून त्यांनी हिशेब सांगितला. आपल्या कॉलेजच्या गेटापासून नायगावच्या रस्त्यानं चालत गेलं तर नायगाव यायच्या थोडं अलीकडं एक्केचाळीस किलोमीटर संपतात.

क्षेत्र-अभ्यास आमच्या अभ्यासक्रमात होताच. त्याला प्राचार्यांची परवानगी लागत नव्हती, विभागप्रमुखाची पुरत होती, आणि विभागप्रमुख सरच होते. त्यांनी छापील फॉर्म भरला. विषय: एका चिंचोळ्या वस्तीची लांबी, रुंदी व पाण्याची साधने, तुलनात्मक अभ्यास. स्वतःच्याच अर्जावर स्वतः मंजुरीची सही करताना त्यांनी चष्मा पुसला होता, ते मला आठवतं.

मला त्यांनी गिनतीला घेतलं. धावणारी आहेस, दम टिकेल, म्हणाले. मी म्हणाले, नावाचं काय. ते म्हणाले, बघू.

पहाटे पाचला आम्ही गेटातून निघालो. फलक नाही, घोषणा नाही. पुढं सर आणि सायकल, शेजारी मी चिंधीवर डोळे लावून, मागं बाकीचे. दर शंभर फेऱ्यांना मी सुतळीला एक गाठ मारायची. दर किलोमीटरला देगलूरचा मुलगा रस्त्याच्या कडेला फक्कीची रेघ ओढायचा आणि वहीत लिहायचा: इथं हापसा, इथं विहीर, इथं दवाखाना, इथं शाळा. ठरलं असं होतं की प्रत्येक रेघेपाशी क्षणभर थांबायचं आणि तिकडच्या पट्टीत त्या जागी काय आहे ते कुणीतरी एकानं सांगायचं. सुरुवातीला चेष्टामस्करी चालली होती. दहा किलोमीटरनंतर ती थांबली. इथं दवाखाना होता, असं सांगायची पाळी फार वेळा आली.

पंधराव्या किलोमीटरला आठ जणांचे पाय सुजले, ते एसटीनं परतले. अकरा उरलो.

अडचण वेगळीच निघाली. सायकल, चुना, वही आणि चष्मेवाला साहेब बघून वाटेतल्या लोकांनी एकच अर्थ काढला, रस्ता रुंद होणार आणि जमीन जाणार. एका गावात दोघं-चौघं मागं लागले, कोणता गट नंबर जाऊन राहिला ते सांगा. सर समजावत होते, पण ते जेवढं समजावतील तेवढा लोकांचा संशय वाढायचा. सव्विसाव्या रेघेवर एक बाई वावरातून तरातरा आली. पन्नाशीची, डोक्याला फडकं, हातात विळा. चाकाच्या पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, मागल्या वेळी असाच एक सायब चुना टाकून गेला आणि दोन एकर गेलं, आता एक फेरा पुढं जाऊन दाखव.

सरांनी सायकल स्टँडवर लावली. "बाई, तुमचं वावर न्हाई. दुसऱ्याचं मोजून राहिलो."

"कुणाचं?"

सरांनी तिला सांगितलं. कुठं आहे, किती लांब, किती माणसं, त्यांची घरं कशी गेली. भूगोलाच्या तासाला सांगायचे तसंच, सावकाश. बाईनं विळा कमरेला खोचला आणि सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् हे नक्षे काढले, हद्दी टाकल्या, तव्हा त्या लोकांला कुणी इचारलं व्हतं का?"

तीस वर्षं शिकवलेला माणूस, पण हा प्रश्न त्यानं आम्हाला कधी विचारला नव्हता. मी चाक सोडून त्या बाईकडं बघत राहिले. तिनं आम्हाला बोअर दाखवलं, पाणी प्यायला लावलं, वर ओटीत भरून हरभऱ्याचे डहाळे आणून दिले. आम्ही निघालो आणि वीसेक पावलांवर माझ्या लक्षात आलं की बाईपाशी चाक कधी हललं, मी कधी मोजायला लागले, याचा मला पत्ता नव्हता. मी सरांना तसं सांगितलं. मला वाटलं रागावतील. "किती गेले असतील?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तीन-चार. त्यांनी वहीत लिहिलं: चार फेरे कमी-अधिक. म्हणाले, चूक लिहून ठेवली की ती चूक राहत नाही, मापाचा भाग होते.

जमीन जाण्याची अफवा मात्र आमच्या पुढं धावत होती. कुणीतरी ठाण्याला फोन केला असणार. अडतिसाव्या किलोमीटरला जीप आडवी आली. फौजदार तरुण होता, सभ्य होता. मोर्चा आहे का, त्यानं विचारलं. सर म्हणाले, प्रात्यक्षिक. त्यानं फॉर्म वाचला, आमचे फोटो काढले, नावं मागितली. सर म्हणाले की नावं वहीत असतात, वही उद्या कॉलेजात मिळेल. फौजदारानं तिथूनच प्राचार्यांना फोन लावला. जीप गेली तेव्हा मी सुतळीच्या गाठी पुन्हा मोजल्या. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते म्हणून स्वतःचा रागही येत होता.

एक्केचाळिसावी रेघ एका बाभळीपाशी पडली. ऊन कलतं झालं होतं. समोर नायगावची पाण्याची टाकी दिसत होती, तिथं चहा होता, स्टँड होता. आमच्या बाटल्या रिकाम्या. आम्ही पुढं निघणार तेवढ्यात सर रेघेवर आडवे उभे राहिले. "इथं संपतं. पुढं जाता येत न्हाई. बसा."

आम्ही बसलो. अर्धा तास, टाकीकडं बघत. लिंबाखाली एक तास उभं राहायची परवानगी मागितली होती आम्ही. ते उभं राहणं त्या बसण्यापुढं पोरखेळ ठरलं असतं. अर्ध्या तासानं सर उठले, रेघ चपलेनं पुसली आणि म्हणाले, चला, आपल्याला जाता येतं. नायगावच्या स्टँडवर पहिला घोट घेताना देगलूरचा मुलगा रडला, आणि त्याला कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला प्राचार्यांनी सरांना वहीसकट बोलावलं. त्याआधी सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. बाकी दहा जणांच्या सह्या त्यांनी घेतल्या होत्या. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: लांबी ४१ किलोमीटर, चाकाचे फेरे १८,६३६, चार कमी-अधिक. मोजणार, आणि पुढं कोरी जागा.

"तुझं भरतीचं ग्राऊंड तीन आठवड्यांवर हाय," ते म्हणाले. "तू सही करू नको. मी बघून घेतो."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ते आत गेले, आणि मी दाराबाहेर उभी राहिले.

दार अर्धवट उघडं होतं. प्राचार्य शांतपणे बोलत होते. ते म्हणाले की मला हे प्रकरण वाढवायचं नाही. वही पूर्ण असेल तर ते प्रात्यक्षिक, नाहीतर तुम्ही मुलांना घेऊन विनापरवाना काढलेला मोर्चा, आणि मग चौकशी तुमची. पानं उलटल्याचा आवाज आला.

"मोजणाऱ्याचं नाव नाही. माप कुणाचं हे?"

"माझं," सर म्हणाले.

प्राचार्य हसले, पण त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. म्हणाले, "सर, तुमची गिनती शंभराच्या पुढं जात नाही. अठरा हजार कुणी मोजले?"

आयुष्यभर नाव नसलेल्या मापाला शून्य देणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला होता आणि पकडला गेला होता. मला दादांचा चेहरा दिसला. धाकट्या दोघी दिसल्या. ते चोवीस मीटर आठवले. त्या बाईचा विळाही आठवला, आणि तिचा प्रश्न. मी दार ढकललं, टेबलावरचं प्राचार्यांचंच पेन उचललं आणि कोऱ्या जागेत नाव लिहिलं. पूर्ण नाव, गाव, तालुका जळकोट, जिल्हा लातूर. सही केली, तारीख टाकली. अक्षर मुद्दाम मोठं काढलं.

सरांनी वही बंद केली. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. त्यांनी शबनममधून डबा काढला आणि मला चतकोर भाकरी दिली.

चौकशी झाली नाही. पण विभागप्रमुखपद काढून घेतलं, आणि क्षेत्र-अभ्यासाला प्राचार्यांची पूर्वपरवानगी लागेल असा नियम आला. सर पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. निरोपसमारंभात भाषण करायला उठले आणि समोर कुणीतरी ओळखीचं दिसल्यामुळं त्याच्याशीच बोलत बसले. अजून नांदेडात सायकल धरून चालताना दिसतात म्हणे. गिनतीला आता नातू असतो.

त्या साली माझं ग्राऊंड निघालं, पण लेखी परीक्षेत मी मागं पडले. यंदा निवड झाली आणि पडताळणीला हवालदार आमच्या घरी आले. दादांनी खाट टाकली, आईनं चहा ठेवला. हवालदारांनी फाईलमधून एक झेरॉक्स काढली. ठाण्याला गेलेलं आमच्या वहीचं शेवटचं पान मी लांबूनच ओळखलं. दादांना त्यातलं काही माहीत नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते.

"ही सही तुमची?"

"हाव, माझीच."

"पुन्हा इचारतो. कुणाच्या सांगण्यावरून केली असंल, न कळत केली असंल, तर तसं लिहिता येतं. काही चूक झाली असं सांगायचं हाय का?"

दादांनी मान किंचित हलवली, हो म्हण म्हणून. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मग हवालदारांकडं.

"हाव, सांगायचंय," मी म्हणाले. "चार फेरे कमी-जास्त असतील. बाकी सगळं मी मोजलंय."

हवालदारांनी मी म्हणाले तेवढंच, तसंच्या तसं, लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी माझ्यापुढं सरकवला. मी आधी पूर्ण नाव आणि गाव लिहिलं, मग सही केली.